सातव्यात बसलेला

१

घारीच्या समोर कुणी बसायचं नाही. घरात हा नियम होता, आणि त्याला 'का' असं विचारायचं नाही हा त्याच्या पाठीला चिकटून आलेला दुसरा नियम होता.

जेवणाच्या टेबलाला वेताच्या सहा खुर्च्या. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला आत्या, एका बाजूला घारी आणि तिच्या शेजारी आई. पलीकडच्या बाजूला दोन खुर्च्या. त्यातली आईसमोरची पाहुण्यांची. घारीच्या बरोबर समोरची कुणाचीच नाही. पाहुणा चुकून तिकडे वळला की आत्या त्याच्या कोपराला धरून त्याला एक खुर्ची बाजूला सरकवायची. बिचाऱ्यांना वाटायचं, त्या खुर्चीचा पाय मोडका असेल. लहानपणी घारीनं बुद्धिबळ शिकायचा हट्ट धरला तेव्हा बाबांनी शेजारी बसून शिकवलं, पट तिरका ठेवून. त्यामुळे तिला अजूनही उंट सरळ चालतो असं वाटायचं.

डोळे घारे म्हणून घारी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं.

कारण विचारायचं नसलं तरी कारण तिला पाठ होतं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ज्योतिषाचा नाद होता. गिऱ्हाईक एका नंबरासाठी यायचं आणि वर एखादा ग्रह घेऊन जायचं. मुलगी जन्मली त्याच दिवशी त्यांनी तिची कुंडली मांडली. बारा घरांतलं पहिलं घर म्हणजे ज्याची कुंडली तो स्वतः. सातवं त्याच्या बरोबर समोर. म्हणून सातव्यावरून बघतात नवरा, भागीदार, गिऱ्हाईक, वैरी: जो कुणी तुमच्यासमोर येऊन बसतो, तो. आणि घारीच्या सातव्यात शनी बसलेला, त्याची दृष्टी थेट पहिल्या घरावर, म्हणजे तिच्यावर.

दुसऱ्या कुणा ज्योतिषानं याचा अर्थ लावला असता तो असा: लग्न उशिरा, नवरा पोक्त, संसार कोरडा. बाबा हे असले गुळगुळीत अर्थ लावणारे नव्हते. त्यांनी सरळ अर्थ लावला. तुझ्यासमोरची जागा भरलेली आहे. भरलेल्या जागेवर दुसरं माणूस बसवायचं नसतं.

घारीला हे सगळं ऐकून लहानपणी भीती वाटायची. मोठेपणी डोकं तडकायचं. कारण तिनं चार वर्षं बाहेरगावी राहून डोळे तपासण्याची पदवी घेतली होती, आणि डोळे तपासायचे म्हणजे माणसाच्या समोर बसायचं, हातभर अंतरावर. कॉलेजच्या दवाखान्यात तिनं शेकडो माणसं समोर बसवली. एकालाही काही झालं नाही, फार तर चष्मा लागला. पण घरी परतल्यापासून आठ महिने ती दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत होती. तपासणीच्या खोलीत बाबा बसायचे, साठी उलटलेले, स्वतःच्याच चष्म्याची काडी सेलोटेपनं चिकटवलेले.

आणि आता तिच्या पर्समध्ये नोकरीचं एक पत्र होतं. दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या रुग्णालयाचं. सोमवारपर्यंत कळवा, असं त्यात लिहिलं होतं. आज गुरुवार होता.

२

टेबलाच्या खुर्च्यांचा वेत सैल झाला होता. शुक्रवारी सकाळी घारी सहाही खुर्च्या टेंपोत घालून विणणाऱ्याकडे घेऊन गेली.

विणणाऱ्याचा गाळा म्हणजे एक अरुंद बोळ होता, त्यात ओल्या वेताचा वास आणि भिंतीला टांगलेले खुर्च्यांचे सांगाडे. तो स्वतः एका डब्यावर बसला होता. त्यानं एकेक खुर्ची उलटी केली, पोटाकडून वीण चाचपली, आणि डॉक्टरांनी बोलावं तसं बोलत गेला.

"ही टोकाची. हिच्यावर माणूस उजवीकडे कलून बसतो. गुडघा दुखतो का कुणाचा?"

"आत्याचा."

"ही बाईमाणसाची. सारखी उठबस. वाढायला उठत असणार."

"आईची," घारी म्हणाली. तिला मजा वाटायला लागली होती. "तुम्ही पण कुंडल्या मांडता वाटतं?"

"बूड खोटं बोलत नाही, ताई. तोंड बोलतं." त्यानं पाचवी खुर्ची उलटी केली, हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग ती सरळ करून उजेडात धरली. "ही मात्र तुम्ही फार छळलीत."

ती समोरची खुर्ची होती. ओळखायची खूण पक्की, कारण तिच्या पाठीवर एकही ओरखडा नव्हता. बाकीच्या खुर्च्या भिंतीवर घासून घासून पांढऱ्या पडलेल्या.

"ती कुणी वापरतच नाही," घारी म्हणाली.

विणणारा हसला. "सहांत सगळ्यांत जास्त हीच वापरलीय. बघा की." त्यानं वेताच्या मधोमध मूठ ठेवली. मूठ खोल गेली. "भारी माणूस आहे. आणि बसतो कसा, तर पुढे सरकून. पुढच्या काठाची वीण पार बसलीय. जेवणारा माणूस असा बसत नाही, तो टेकतो. असं बसतात ते..." त्यानं डब्यावरच पुढे सरकून दाखवलं, कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे, डोळे घारीच्या तोंडावर. "काहीतरी टक लावून बघायला बसल्यासारखं."

घारीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाची शीर उडाली. भीतीनं नव्हे. तिला वाटलं, तिला कळलं.

म्हणजे बसतात! ती दुकानात गेली की, ती होस्टेलवर असताना, ही सगळी मंडळी खुशाल त्या खुर्चीत बसतात. नियम फक्त तिच्यापुरता. चोवीस वर्षं तिला तिरकं जेवायला लावून हे लोक मागून त्याच खुर्चीत बसून पेपर वाचतात.

"संध्याकाळी मिळतील?" तिनं विचारलं.

"पाच मिळतील. हिला दोन दिवस लागतील. नवीनच विणावी लागेल."

"नको. ही तशीच द्या," घारी म्हणाली. "मला दाखवायची आहे."

३

शनिवारी दुपारी जेवताना तिनं दाखवली. खुर्ची टेबलावर चढवली नाही एवढंच.

"कोण बसतं?"

"कशात?" आत्या म्हणाली.

"आत्या, तू वेड पांघरू नकोस. या खुर्चीत. वीण बघ. पोतं ठेवल्यासारखी खाली आलीय."

"वेत सैल पडतो. माणसंही पडतात," आत्या म्हणाली. "माझ्याकडे बघ."

"बाबा?"

बाबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी तो तसाच धरून ठेवला. आईच्या हातातलं भांडं ताटाच्या काठावर वाजलं. एकदाच, आणि मग तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

"कुणी बसत नाही," बाबा शेवटी म्हणाले. "आणि तूही ती खुर्ची उलटीपालटी करू नकोस. जिथे होती तिथे ठेव."

"मग हा वेत आपोआप दबला का? शनी बसला असेल!"

तिनं हे चिडवायला म्हटलं होतं. एरवी बाबा अशा वेळी चष्मा कपाळावर चढवून व्याख्यान द्यायचे: ग्रह जिथे बसतो ते त्याचं स्थान, जिथे बघतो ती त्याची दृष्टी, शनीला तीन दृष्टी, तिसरी, सातवी, दहावी. आज ते ताटातला भात नुसता कालवत राहिले. आत्यानंही टोमणा मारला नाही. हे घारीला खटकलं, पण राग एवढा चढला होता की खटकलेलं तिथेच राहून गेलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग माझं ऐका. सोमवारपासून तपासणीच्या खोलीत मी बसणार. नाहीतर मला एका रुग्णालयातून पत्र आलंय, मी तिकडे चालले. दोन्हीपैकी एक."

"दोन्ही नाही," बाबा म्हणाले.

"कारण?"

"कारण विचारायचं नाही."

"बाबा, मी चोवीस वर्षांची आहे. चार नाही."

"घारे," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ झाला की घारी चमकली. आत्याचा आवाज मऊ होणं हे या घरात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं होतं. "बस. जेवून घे. तुझ्या जागेवर बस म्हणजे झालं."

घारी बसली, भूक होती म्हणून. समोरची खुर्ची तिनं मुद्दाम टेबलापासून वीतभर लांब ओढून ठेवली होती. जेवण संपवून ती हात धुऊन आली आणि मग तिचं लक्ष गेलं. खुर्ची पुन्हा टेबलाला भिडलेली होती. आईनं सरकवली असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण आई तर आत्याच्या बाजूची ताटं उचलत होती, टेबलाला वळसा घालून, समोरच्या बाजूला पाऊलही न टाकता.

४

रविवारी दुकान बंद. दुपारी सगळे आडवे झाले तशी घारी किल्ली घेऊन तपासणीच्या खोलीत गेली.

ती लांबट, बिनखिडकीची खोली. एका टोकाला पेशंटची मोठी खुर्ची, काळ्या रेक्झिनची. बसलं की तिची गादी हवा सोडायची आणि उठलं की आत ओढून घ्यायची. खोली लहान, म्हणून बाबांनी जुनी युक्ती केली होती: अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यामागच्या भिंतीवर, उलटा छापलेला, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. पेशंट आरशात बघतो, त्याला अक्षरं सुलटी दिसतात आणि अंतर दुप्पट होतं. तक्त्याशेजारी भिंतीवर घड्याळ. आकडे नसलेलं, नुसत्या बारा रेघांचं.

याच खोलीत घारीचा जन्म झाला होता. तो किस्सा आत्या कुणालाही सांगायची. आई दुकानात डबा द्यायला आली आणि तिथेच कळा सुरू झाल्या, शेजारच्या डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत धावत आल्या, दिवे गेलेले म्हणून मेणबत्त्या लावलेल्या, आत्या कालच सासरहून आलेली, तिनं पेशंटच्या खुर्चीपाशी बसून आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि नजर घड्याळावर ठेवली. "पोर रडली आणि मी पाहिलं," आत्या सांगायची, "अकरा पंचवीस. समोरच घड्याळ. मिनिटाचा फरक नाही."

घारी पेशंटच्या खुर्चीत धपकन बसली. गादीनं सुस्कारा सोडला. तिनं समोर आरशात पाहिलं: रागानं लाल झालेलं नाक, डोक्यामागे सुलट झालेली अक्षरं, आणि दहा वाजून पाच मिनिटं.

दहा? ती जेवून आली होती.

तिनं मान वळवून मागे पाहिलं. दोनला पाच कमी. ती हसली. आरशात घड्याळही उलटंच दिसणार, आणि आकडे नसल्यावर ते लक्षात कसं येणार!

मग ती हसायची थांबली.

समोरच घड्याळ, असं आत्या म्हणायची. पण या खुर्चीपाशी, आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या आत्याच्या समोर घड्याळ नव्हतंच. समोर आरसा होता. घड्याळ तिच्या पाठीमागे होतं. आत्या आदल्या दिवशी आलेली, तिला ही युक्ती काय ठाऊक! तिनं आरशातली वेळ वाचली.

घारीनं मनातल्या मनात काटे उलटे केले. आरशात अकरा पंचवीस म्हणजे खरे बारा पस्तीस. एक तास आणि दहा मिनिटं.

ती उठली. बाबांच्या खणात जुनी पंचांगं सालवार बांधलेली असायची. तिनं तिच्या सालचं काढलं, तिच्या तारखेचं पान उघडलं. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिला एवढं यायला लागलं होतं की क्षितिजावर उगवणारी रास बदलली की पहिलं घर बदलतं, आणि पहिलं बदललं की बाराही घरं एकेक करून सरकतात. त्या दिवशी रास बदलली होती अकरा पंचावन्नला.

म्हणजे शनी सातव्यात नव्हताच. सहाव्यात होता. सहावं म्हणजे रोग, वैरी, नोकरी. सहाव्यातला शनी म्हणजे बाबांच्याच शब्दांत वैऱ्याचं कंबरडं मोडणारा, माणसाला राबवून मोठं करणारा. आणि सहाव्यातून त्याची दृष्टी आठव्यावर, बाराव्यावर, तिसऱ्यावर. पहिल्या घरावर नाही. तो तिच्याकडे बघतच नव्हता. जन्मापासून एकदाही बघितलं नव्हतं.

चोवीस वर्षं! एका उलट्या घड्याळापायी! तिनं पंचांग खणात टाकलं आणि खण पायानं लोटून बंद केला. घराघरांत असले नियम असतील, तिला वाटलं, कुणीतरी कधीतरी आरशात बघून वाचलेले, आणि पोरींच्या मानेवर ठेवलेले.

५

ती लगेच घरात गेली असती तर बरं झालं असतं. पण तिला एकदा त्या स्टुलावर बसायचं होतं. पेशंटच्या समोरच्या, बाबांच्या. हक्कानं.

ती बसली. दिवा बंद केला, कारण ही तपासणी अंधारात करतात. हातात रेटिनोस्कोप घेतला. ही एक लहान बॅटरीसारखी बत्ती असते, मधे बघायला बारीक भोक. उजेडाची उभी रेघ पेशंटच्या बाहुलीवर फिरवायची. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून तांबूस चमक परत येते, आणि ती चमक कशी हलते त्यावरून नंबर कळतो. त्यासाठी पेशंटनं लांब बघायला हवं. म्हणून तपासणारा सारखं सांगत असतो: माझ्याकडे नाही, तिकडे लांब बघा.

"लांब बघा हं," घारी रिकाम्या खुर्चीला थट्टेनं म्हणाली.

अंधारात गादीनं सुस्कारा सोडला.

ती मघाशी उठली तेव्हा आत ओढलेली हवा आता सुटत असेल, तिला वाटलं. रेक्झिन जुनं आहे. तिनं बत्ती लावली आणि रेघ खुर्चीवर फिरवली, सवयीनं, बसलेल्या माणसाचे डोळे असतात त्या उंचीवर. काही नाही. काळं रेक्झिन. तिनं बत्ती जरा वर नेली. वीतभर वर. तिथे खुर्चीची पाठ संपते, तिथे कुणाचे डोळे असायचं कारण नाही.

तिथे चमक आली.

दोन. तांबूस, गोल, शेजारी शेजारी. काजूच्या बियांएवढ्या मोठ्या.

घड्याळाच्या स्क्रूचं डोकं. तक्त्याच्या चौकटीचे खिळे. तिच्या मनानं भराभर नावं सुचवली, आणि तिच्या हातानं, चार वर्षांच्या सवयीनं, रेघ डावीकडून उजवीकडे फिरवली. खिळ्यावरची चमक उजेडाबरोबर विझते. ही विझली नाही. नंबर असलेल्या डोळ्यातली चमक हलते, उजेडाच्या बरोबर किंवा उलट. ही हललीही नाही. दोन्ही बाहुल्या काठोकाठ भरल्या आणि तशाच राहिल्या.

याचा अर्थ काय, हे तिला परीक्षेत विचारलं होतं आणि तिनं बरोबर लिहिलं होतं. चमक अशी थिजते, कारण डोळा लांब बघत नसतो. तो तपासणाऱ्याच्या तोंडावर रोखलेला असतो, नेमका तेवढ्याच अंतरावर.

तिनं उठून दिवा लावला. खुर्ची रिकामी होती. गादीच्या मधे मोठा खळगा होता, तिचा स्वतःचा असायला फारच मोठा, आणि तो हळूहळू भरत होता, हवा आत ओढत, ओढत.

शनी तिच्याकडे बघत नव्हता. हे तिनं दहा मिनिटांपूर्वी स्वतःच सिद्ध केलं होतं.

६

ती घरात आली ती दार भिंतीवर आपटूनच. तिघेही लवकरच उठून टेबलाशी चहा घेत होते. तिची जागा रिकामी. तिच्यासमोरची, रिकामी.

"बारा पस्तीस," घारी दारातूनच म्हणाली. "आत्यानं आरशात बघितलं होतं. माझी वेळ चुकलेली आहे. शनी सातव्यात नाहीच."

तिला वाटलं होतं बाबा उठतील, पंचांग मागतील, आत्या शपथा घेईल. बाबांनी बशी खाली ठेवली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तू दहा वर्षांची होतीस. आरसा बदलला, तेव्हा लक्षात आलं."

"चौदा वर्षं? चौदा वर्षं तुम्हाला माहीत आहे? आणि मला तिरकं बसवून... आई, तुला पण?"

आईनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, गुंडाळला. "यांनी मला सांगितलं, चूक झाली, आता बस तिच्यासमोर. मला केवढा आनंद झाला गं. दहा वर्षांत मी तुझं जेवतानाचं तोंड समोरून पाहिलं नव्हतं. आठवतं तुला?"

घारीला आठवलं. आई समोर, हसणारी. आणि मग ताट तसंच टाकून गेलेली. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण मिटक्या मारत खाल्लं म्हणून.

"मी बसले," आई म्हणाली, "तर मी फार उंच होते. खुर्ची असते त्याच्याहून वर. तुझ्या डोक्यावरून मला मागची खिडकी दिसत होती. आणि खाली वेत नव्हता." तिनं स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. "कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं होतं. गुडघे लागत होते, घारे. मला गुडघे लागत होते."

"पुरे आता," आत्या म्हणाली.

"नाही वन्सं, कळू दे तिला."

"कोण आहे तो?" घारीनं विचारलं.

"नाही ठाऊक," बाबा म्हणाले. एवढ्या आयुष्यात त्यांनी हे दोन शब्द तिच्यासमोर पहिल्यांदा उच्चारले. "मी आता त्याला कुठल्या ग्रहाचं नाव देत नाही. आम्ही दहा वर्षं एक जागा रिकामी ठेवली, रोज, दोन वेळा. कुणासाठी तरी ठेवतोय असं म्हणत. आता चूक आमची होती म्हणून तो उठेल का?"

"मग मी इथे कशाला? मी नसले तर तो बसणार कुणासमोर?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर आत्यानं दिलं, कपातल्या चहाकडे बघत. "तू होस्टेलवर गेलीस त्याच आठवड्यात ती खुर्ची खरोखरची रिकामी झाली. बसायला समोर कुणी नाही म्हटल्यावर तो बसेल कशाला? चार वर्षं घरात फिरत होता. मी अंघोळीहून यायचे तर माझ्या दारात उभा असल्यासारखा. जिन्यात मागे एक पायरी सोडून. तुझी आई दिवसाही एकटी स्वयंपाकघरात जायची नाही. तू परत आलीस, टेबलाशी बसलीस, आणि घर शांत झालं. त्याच दिवशी."

"म्हणून काचा घासायला ठेवलंत."

"तपासणीच्या खोलीत तुझ्यासमोर गिऱ्हाईक बसवायचं?" बाबा म्हणाले. "कुणाच्या मांडीवर?"

घारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच होतं. एवढा वेळ तिला वाटत होतं की हे लोक भाबडे आहेत. भाबडेपण परवडलं असतं. यांनी सगळं समजून उमजून तिला वापरलं होतं. तिची डिग्री, तिचं पत्र, तिची पुढची चाळीस वर्षं, सगळं त्या टेबलाच्या एका बाजूला ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूचं हलणार नाही.

"मी मुलगी आहे की पेपरवेट?" ती ओरडली.

"घारे, फक्त बसायचं आहे," आत्या म्हणाली. "दोन वेळा. काय जातं तुझं? तो काही करत नाही. नुसता बघतो."

"नुसता बघतो! आत्या, मग तू बैस ना. ये. ही माझी खुर्ची." तिनं स्वतःची खुर्ची ओढून आत्यासमोर आदळली. "नुसतं बघून घे. बाबा, तुम्ही? तुम्ही तर कुंडली मांडलीत. चूक तुमची, जागा तुमची. आई, तू?"

आईनं मान खाली घातली. बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

"चहा तरी घेऊन जा," बाबा म्हणाले. "बसून घे. मग बोलू."

"नाही. मी बसणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. मी उद्या त्या नोकरीला हो म्हणून निघतेय. तुम्ही त्याला बोलावलंत, तुम्ही त्याला सांभाळा."

एवढं बोलून ती थांबली, कारण तिला उलट बोलणं हवं होतं. या घरात तिच्या प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असायचं, ती जन्मायच्या आधीपासून. आता आत्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. बाबांचा रुमाल काचेवर थांबला होता. तिघांपैकी कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. तिघेही समोरच्या खुर्चीकडे बघत होते.

मग ते डोळे हलले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एक गोष्ट शिकवतात, आणि कुणालाही ती घरी करून बघता येते. माणसाचा डोळा रिकाम्या जागेवरून संथपणे सरकू शकत नाही. कितीही ठरवलं तरी तो झटके घेत, उड्या मारत जातो. तेल लावल्यासारखा तो सरकतो फक्त एका गोष्टीच्या मागे: जेव्हा समोर काहीतरी हलत असतं.

आत्याचे, आईचे, बाबांचे डोळे खुर्चीवरून वर गेले, छतापासून हातभर खालीपर्यंत. मग टेबलाच्या काठानं डावीकडे वळले, आत्याच्या मागून कोपरा ओलांडला. तिघांचेही, एकाच वेगानं, एकही झटका न घेता. आणि घारीच्या खांद्यापाशी, किंचित वर, येऊन थांबले.

"मी बसणार नाही," ती म्हणाली. आवाज तेवढाच चढलेला होता. पण या वेळी ती ते आईला सांगत नव्हती, बाबांना नाही, आत्यालाही नाही.